मुदत संपलेला पाहुणा आणि कायद्याच्या कचाट्यातील यजमान

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके पाहुण्यांना चांगलेच सरावलेले आहेत. मध्य रेल्वेची लोकल कर्जत आणि खोपोलीपर्यंत येते, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून घाट चढतो आणि नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या पट्ट्यात फार्महाउस व लहानमोठ्या रिसॉर्टची रांग लागलेली आहे. सुट्टीच्या दिवशी उतरणाऱ्या या गर्दीत परदेशी पासपोर्ट बाळगणारेही असतात. त्यांतील काही जण रूपाने, भाषेने वा नात्याने मुळीच परके नसतात. कुणी अमेरिकेत जन्मलेला नातू असतो, कुणी इस्रायलला स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायली कुटुंबातील मुलगी असते. फाळणीनंतर कराचीला गेलेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबातील एखादी वृद्ध आत्याही पूर्वी अशीच येत असे. त्यांच्यासाठी घराचे दार उघडताना कुणी पासपोर्ट पाहत नाही, आणि आपल्या रीतीप्रमाणे पाहूही नये.

कायदा मात्र तेवढेच पाहतो. पाहुण्याच्या व्हिसाची मुदत ज्या दिवशी संपते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो गुन्ह्याच्या कक्षेत येतो, आणि त्याला ठेवून घेणारा यजमान त्या कक्षेच्या काठावर उभा राहतो. हा काठ नेमका कोठे आहे, मायेने केलेली मदत कोणत्या क्षणी अपराध ठरते, याची स्पष्ट कल्पना फारच थोड्या कुटुंबांना असते. एरवी कायद्याला धरून वागणारी माणसेही येथे अजाणता घसरतात. नातेवाइकाला घराबाहेर काढणे त्यांना अशक्य वाटते आणि पोलीस ठाण्याची पायरी चढणे त्याहूनही अवघड वाटते.

भारतात या विषयावरील मुख्य कायदा आता इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा आहे. तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आणि त्याने १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीविषयीचा कायदा असे चार जुने कायदे रद्द केले. व्हिसाची मुदत उलटून गेल्यावरही देशात राहणे अथवा व्हिसाच्या अटींचा भंग करणे यासाठी नव्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वैध कागदपत्रांवाचून देशात शिरणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कारावास व ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बनावट पासपोर्ट वा व्हिसा वापरणाऱ्यास तर किमान २ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास असून दंड १ लाखापासून १० लाखांपर्यंत आहे. जुन्या कायद्यानुसार मुदतबाह्य वास्तव्यास ५ वर्षांपर्यंतची शिक्षा होती. म्हणजे या एका गुन्ह्यापुरता नवा कायदा काहीसा सौम्य झाला आहे. जुन्या काळात नोंदलेले खटले मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे चालतात.

आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवरच असते, हे तत्त्व जुन्या कायद्यात होते आणि नव्यातही कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने सर्बानंद सोनोवाल खटल्यात २००५ साली ते ठामपणे उचलून धरले. फौजदारी न्यायाच्या सर्वसाधारण रीतीला हा मोठा अपवाद असून घरात कागद न जपणाऱ्या कुटुंबांना तो फार महाग पडतो.

जन्म येथला, पासपोर्ट तिकडचा

‘पण त्यांचा जन्म तर येथलाच’ हा युक्तिवाद गावोगावी ऐकू येतो. एके काळी तो न्यायालयातही चालत असे. १९४६ च्या कायद्यातील ‘परकीय’ या शब्दाच्या मूळ व्याख्येतून जन्मतः ब्रिटिश प्रजाजन असलेल्यांना वगळले होते. फाळणीनंतर जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाली आणि १९५२ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांदरम्यान पासपोर्ट आवश्यक ठरला. त्यानंतर अलाहाबादेत जन्मलेले फिदा हुसेन नावाचे एक गृहस्थ १९५३ साली पाकिस्तानी पासपोर्टवर भारतात आले आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही परतले नाहीत. त्यांना शिक्षा झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा १९६१ साली न्यायालयाने त्यांना मुक्त केले. ते देशात आले त्या वेळच्या व्याख्येप्रमाणे ते ‘परकीय’ नव्हतेच, असे कारण न्यायालयाने दिले.

तथापि हा निकाल लागण्यापूर्वीच पळवाट बुजली होती. १९५७ च्या दुरुस्तीने, १९ जानेवारी १९५७ पासून, भारताचा नागरिक नसलेला प्रत्येक जण परकीय ठरला. त्यामुळे नेरळच्या घरात जन्मलेली आणि लग्न करून कराचीस गेलेली स्त्री पाकिस्तानी पासपोर्टवर माहेरी आली, तर कायद्याच्या दृष्टीने ती परकीयच. अमेरिकेचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतलेल्या कर्जतच्या मुलाचीही गत वेगळी नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे त्याचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी आपोआप संपते. जुना भारतीय पासपोर्ट कपाटात शिल्लक असला तरी तो वापरणे हा स्वतंत्र गुन्हा होतो.

दीर्घ वास्तव्याने हक्क निर्माण होतो, ही समजूतही अशीच निराधार. १९३७ पासून भारतात राहणाऱ्या लुई द रेड्ट या बेल्जियन धर्मोपदेशकाचे प्रकरण १९९१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आले. अर्धशतकाहून अधिक काळ येथे काढूनही त्यांना येथे राहण्याचा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय झाला. परकीय व्यक्तीस जीवित व स्वातंत्र्य यांचे संरक्षण मिळते. देशात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य मात्र केवळ नागरिकांचे आहे. त्या निकालाची कठोरता कुणाला बोचली तर नवल नाही, परंतु कायदा आजही तोच आहे.

आसरा आणि अपप्रेरणा

आता यजमानाकडे वळू. त्याच्यावर दोन वेगवेगळ्या वाटांनी गुन्हा दाखल होऊ शकतो. पहिली वाट अपप्रेरणेची. मुदतबाह्य वास्तव्यासारख्या गुन्ह्यास अपप्रेरणा देणाऱ्यास मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा, अशी स्पष्ट तरतूद जुन्या कायद्यात २००४ च्या दुरुस्तीने आली आणि नव्या कायद्यानेही ती स्वीकारली. अपप्रेरणा म्हणजे केवळ चिथावणी नव्हे. कट करणे किंवा गुन्हा घडावा म्हणून बुद्ध्या साह्य करणे याचाही तीत समावेश होतो. ‘बुद्ध्या’ हा येथील कळीचा शब्द आहे. पाहुण्याच्या व्हिसाची तारीख यजमानास ठाऊकच नसेल, तर साह्याचा हेतू सिद्ध होणे कठीण. परंतु तारीख ठाऊक असून ‘राहा की आणखी वर्षभर, येथे कोण विचारतो’ असे म्हणून स्वतंत्र खोली देणारा, भाड्याचा करार आपल्या नावावर करून देणारा किंवा दुसऱ्याच नावाने मोबाईलचे सिमकार्ड मिळवून देणारा यजमान अपप्रेरणेच्या अगदी जवळ जातो.

दुसरी वाट भारतीय न्याय संहितेची. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या या संहितेचे कलम २४९ म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम २१२ होय. गुन्हा घडला आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असून, गुन्हेगारास शिक्षेपासून वाचवण्याच्या उद्देशाने त्याला आसरा देणे किंवा लपवणे हा यात अपराध आहे. आसरा या शब्दाचा अर्थ संहितेने फार व्यापक केला आहे. निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, प्रवासाचे वाहन हे सारे त्यात येते. एकवेळचे जेवणही त्यात मोजले जाते, हे वाचून घाबरायला होईल. म्हणूनच उद्देशाची अट विसरता कामा नये. आजारी चुलत्यास भाकरी वाढणे आणि पोलीस आले असता त्याला मागच्या दाराने वाडीवर पाठवणे, या दोन कृतींत अन्न सारखेच असेल, पण हेतू निराळा आहे. शिक्षा हेतूला आहे.

मुदतबाह्य वास्तव्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ३ वर्षे. अशा गुन्ह्यातील आरोपीस आसरा देणाऱ्यास त्या कमाल मुदतीच्या एक चतुर्थांश, म्हणजे ९ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाहुण्याने बनावट पासपोर्ट वापरला असेल आणि यजमानास ते ठाऊक असेल, तर हेच गणित ७ वर्षांच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे २१ महिन्यांवर जाते.

याच कलमात एक अपवाद आहे आणि तो मुद्दाम सांगण्याजोगा आहे. पतीने पत्नीस किंवा पत्नीने पतीस आसरा दिला, तर हे कलम लागत नाही. कायद्याने नात्याची कदर केली ती येथवरच. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा यांतील कुणालाही ही सवलत नाही. मुलाला घरात ठेवून घेणाऱ्या आईस कायदा शेजाऱ्याच्या रांगेत उभे करतो, हे आपल्या कुटुंबव्यवस्थेशी किती विसंगत आहे, याचा विचार ब्रिटिश काळातील कायदेकर्त्यांनी केला नव्हता. नव्या संहितेतही तो झाला नाही. शिवाय हा अपवाद फक्त आसऱ्यापुरता आहे. पतीने पत्नीसाठी खोटा जन्मदाखला मिळवला, तर त्यास तो तारणार नाही.

प्रत्यक्षात यजमान अडकतो तो बहुधा अशाच कागदांत. निव्वळ घरात ठेवल्याबद्दलचा हेतू सिद्ध करणे सरकार पक्षास जड जाते, पण कागद बोलतो. ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्यासाठी दिलेले खोटे स्वयंघोषणापत्र, शिधापत्रिकेत वाढवलेले नाव, पासपोर्टच्या अर्जावर पाहुण्यास ‘येथेच जन्मलेला’ म्हणून दिलेली साक्ष यांतून फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांचे गुन्हे उभे राहतात. पासपोर्टच्या अर्जात खोटी माहिती देणाऱ्यास पासपोर्ट कायद्याने २ वर्षांपर्यंत कारावास आहे. भारतीय नसताना भारतीय पासपोर्ट मिळवणाऱ्यास किमान १ व कमाल ५ वर्षे, आणि या कामी साह्य करणाराही त्यातून सुटत नाही. रागाच्या वा भीतीच्या भरात पाहुण्याचा परदेशी पासपोर्ट जाळून टाकण्याचा सल्ला देणारे महाभाग असतात. तो सल्ला ऐकणारा पुरावा नष्ट केल्याच्या गुन्ह्यात सापडतो, आणि पाहुण्याचा परतीचा मार्ग तर आणखी बिकट होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नातेवाइकाचा व्हिसा संपला हे कळताच पोलिसांना जाऊन सांगितलेच पाहिजे, असे सर्वसाधारण बंधन नाही. ज्या गुन्ह्यांची खबर प्रत्येक नागरिकाने देणे सक्तीचे आहे त्यांची यादी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे, आणि तीत मुदतबाह्य वास्तव्य नाही. मात्र पोलिसांनी विचारल्यावर खोटे सांगणे हा वेगळा गुन्हा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. वकिलाचा सल्ला मिळेपर्यंत उत्तर देण्याचे नाकारणे आणि ‘असा कुणी आमच्याकडे नाही’ असे धडधडीत सांगणे यांतले अंतर यजमानाने ओळखावे.

फार्महाउसच्या मालकांनी जपावयाची गोष्ट

खबर देण्याचे सर्वसाधारण बंधन नसले तरी एक विशेष बंधन आहे, आणि कर्जत-खालापूरच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. परकीय नागरिक मुक्कामास आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ठरावीक नमुन्यात नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी लागते. अनेक वर्षे हा नमुना ‘सी फॉर्म’ या नावाने परिचित होता. २०२५ च्या नियमांत त्याची जागा नमुना ३ ने घेतली. जुन्या कायद्यात मोबदला घेऊन राहण्याची सोय करणाऱ्यांचा उल्लेख होता. त्यामुळे पाहुण्यांकडून पैसे न घेणारे कुटुंब त्यात येते काय, असा वाद वकील घालू शकत असत. परंतु इमिग्रेशन खात्याने सी फॉर्मच्या सूचनांमध्ये हॉटेल, धर्मशाळा, रुग्णालये यांच्याबरोबर खासगी घरांचाही समावेश पूर्वीपासून केलेला होता. हा वाद आपल्या घरावर घालून पाहण्यापेक्षा इंटरनेटवरील नमुना भरणे कितीतरी सोपे आहे. त्यास शुल्क नाही.

फार्महाउस भाड्याने देणाऱ्यास तर कोणतीच सबब नाही. मालक मुंबईत किंवा पुण्यात, देखभाल करणारा गडी वाडीतला आणि आरक्षण एखाद्या संकेतस्थळावरून, अशी या पट्ट्यातील नेहमीची व्यवस्था असते. पासपोर्ट कोण पाहणार आणि नमुना कोण भरणार, हे कुणीच ठरवलेले नसते. चौकशी आलीच तर प्रथम त्या गड्याला पोलीस ठाण्यात बसवले जाते. ज्यास कायद्याचे नावही माहीत नाही त्याने मालकाच्या हलगर्जीपणाची किंमत मोजावी, हा अन्याय मालकांनी सहज टाळण्यासारखा आहे.

कोणत्या कार्यालयाशी संपर्क साधायचा, यातही येथे गोंधळ होतो. पनवेल रायगड जिल्ह्यातच असले तरी पोलिसांच्या दृष्टीने ते नवी मुंबई आयुक्तालयात मोडते. कर्जत आणि खालापूर मात्र रायगडच्या जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहेत, आणि जिल्ह्यातील परकीय नागरिकांची नोंदणी त्यांच्याच अलिबाग येथील कार्यालयाकडे असते. लोकलने एक स्थानक पुढे गेले की शेलूनंतर वांगणी लागते आणि जिल्हा बदलून ठाणे होतो. मुक्काम हलला की नोंदही नव्याने करावी लागते, हे अशा सीमेवर विशेषतः लक्षात ठेवावे.

पाकिस्तानी नागरिकांच्या बाबतीत ही सीमा आणखीच बोचरी होती. त्यांना सबंध देशाचा व्हिसा मिळत नसे. २०१२ च्या द्विपक्षीय करारानुसार भेटीच्या व्हिसावर जास्तीत जास्त ५ ठिकाणे लिहिली जात आणि पोहोचल्यावर पोलिसांत वर्दी द्यावी लागे. व्हिसावर ‘मुंबई’ असताना नेरळच्या लग्नाला येऊन दोन रात्री राहणे हा मुदतीचा नव्हे, पण ठिकाणाच्या अटीचा भंग होई, आणि अटीच्या भंगास शिक्षा तीच. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवादी हल्ला झाल्यानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंत मुदत मिळाली. दीर्घ मुदतीचे आणि राजनैतिक व्हिसा त्यातून वगळले गेले. ज्यांचा व्हिसा काल-परवापर्यंत वैध होता ते दोन-चार दिवसांत मुदतबाह्य ठरण्याच्या मार्गावर आले. व्हिसावर छापलेली तारीख ही शेवटची खात्री नसते, सरकार ती अलीकडे आणू शकते, हे त्या आठवड्यात देशभरातील अनेक कुटुंबांना कळले.

याउलट, पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून धार्मिक छळामुळे वा त्याच्या भीतीने आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना सप्टेंबर २०२५ च्या सवलत आदेशाने पासपोर्ट-व्हिसाविषयक शिक्षांतून सूट मिळाली आहे. त्यासाठी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भारतात आलेले असणे आवश्यक आहे. उल्हासनगरचा सिंधी समाज कर्जतच्या लोकलमार्गावरच वसलेला असल्याने या आदेशाची चर्चा इकडेही झाली. ही सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. मुस्लिम नातेवाइकांना तर ती लागूच नाही. एकाच सिंधमधून आलेल्या दोन पाहुण्यांपैकी एकाच्या यजमानास निश्चिंत राहता येते आणि दुसऱ्याच्या यजमानास नाही, ही वस्तुस्थिती आहे.

सर्वांत खोल परिणाम होतो तो मुलांवर, आणि त्याची वाच्यता सर्वांत कमी होते. समजा, खोपोलीच्या एका तरुणाने परदेशी मुलीशी विवाह केला. ती पर्यटक व्हिसावर आली, मुदत संपली, ‘आता लग्न झाले आहे, ती आपलीच’ म्हणून कुणी लक्ष दिले नाही. विवाहाने भारतीय नागरिकत्व आपोआप मिळत नाही. नोंदणीचा अर्ज करण्यासाठी ७ वर्षांचे वैध वास्तव्य लागते. दरम्यान मूल झाले. नागरिकत्व कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीप्रमाणे, ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक होण्यासाठी आई-वडील दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असून दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावा. आणि वैध व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेली व्यक्तीही या व्याख्येप्रमाणे बेकायदा स्थलांतरितच असते. म्हणजे खोपोलीच्या रुग्णालयात, भारतीय पित्याच्या पोटी जन्मलेले ते मूल जन्माने भारतीय ठरत नाही. व्हिसाच्या मुदतवाढीचा एक अर्ज वेळेवर न केल्याची ही किंमत असते, आणि ती कळते बहुधा मुलाचा पासपोर्ट काढताना, म्हणजे फार उशिरा.

भारतीय वंशाच्या पाहुण्यांना वस्तुतः सरळ मार्ग उपलब्ध आहे. ओसीआय अर्थात परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डावर आजन्म, कितीही वेळा येण्याची मुभा मिळते आणि मुदतीचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेतील मराठी कुटुंबांची मुले काय किंवा पेण-पनवेलकडील बेने इस्रायली कुटुंबांची इस्रायलमधील नातवंडे काय, आजी-आजोबांचे भारतीयत्व सिद्ध करणारे कागद असतील तर ती यास पात्र ठरतात. स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा कधीही पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर मात्र हे कार्ड मिळत नाही.

उलट दिशेनेही हा प्रश्न येतो. आखाती देशांत किंवा अमेरिकेत मुदतीनंतर राहिलेल्या भावाला येथून पैसे पाठवणे, बँकेमार्फत आणि मर्यादेत असेल तर, भारतीय कायद्याने गुन्हा नाही. हवाला मात्र आहे. भाचा-पुतण्याकडून पैसे घेऊन, परवाना नसताना, त्याला भेटीच्या व्हिसावर कामासाठी आखातात धाडणारा मामा १९८३ च्या स्थलांतर कायद्यात सापडतो. खरी जोखीम तेथे राहणाऱ्या आप्तांची असते. अमेरिकेत मुदतबाह्य राहणे हा दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. परंतु अशा व्यक्तीस जाणूनबुजून, वा बेफिकिरीने दुर्लक्ष करून, लपवणे वा आसरा देणे हा तेथील संघीय कायद्याने ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि त्यात आर्थिक लाभ असेल तर १० वर्षांपर्यंत. मूळ चुकीपेक्षा मदतच जड ठरावी, असा तो विचित्र प्रकार. तेथील एका अपील न्यायालयाने २०१२ साली, नुसते एकत्र राहणे म्हणजे आसरा देणे नव्हे, असा निर्वाळा दिला. पण सर्वच न्यायालये त्या मताची नाहीत. १८० दिवसांहून अधिक काळ मुदतबाह्य राहून परत गेलेल्यास ३ वर्षे आणि वर्षभराहून अधिक राहिलेल्यास १० वर्षे अमेरिकेचे दार बंद होते. संयुक्त अरब अमिरातीने २००७, २०१८ आणि २०२४ मध्ये माफीच्या मुदती जाहीर केल्या होत्या. अशा संधी पुढची येईल या आशेवर सोडलेल्या कुटुंबांना नंतर दिवसागणिक वाढणारा दंड भरावा लागला.

मग आपल्या घरातील मुदत संपलेल्या पाहुण्यासाठी करायचे काय? कायद्याच्या चौकटीत राहून पुष्कळ काही करता येते. त्याच्यासाठी वकील देणे, जामीन राहणे, औषधपाणी करणे, त्याच्याबरोबर अलिबागच्या कार्यालयात जाणे, त्याच्या दूतावासाशी संपर्क साधणे यांपैकी काहीही आसरा देणे या व्याख्येत बसत नाही, कारण यात लपवण्याचा हेतू नाही. उलट प्रशासनासमोर आणण्याचा आहे. अटक झालीच तर आपल्या वकिलातीला कळवले जावे हा त्याचा हक्क असून १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो मान्य केला आहे. आजारपणामुळे मुदत उलटणार असेल, तर ती उलटण्याआधीच रुग्णालयाच्या कागदांसह मुदतवाढीचा अर्ज करावा. मुदत उलटलीच असेल तर थेट विमानतळ गाठू नये. २०१८ पासून चालू असलेल्या ई-एफआरआरओ या यंत्रणेवर अर्ज करून प्रथम देश सोडण्याची परवानगी, म्हणजे एक्झिट परमिट घ्यावे लागते. तडजोडीच्या तरतुदीनुसार दंडाची रक्कम दिवसांच्या संख्येप्रमाणे वाढत जाते. तिची कायद्यातील कमाल मर्यादा ३ लाख रुपये आहे. पुढे पुन्हा व्हिसा मिळेलच याची खात्री नसते, मात्र स्वतःहून आलेल्या आणि पकडून आणलेल्या माणसाच्या नस्तीवरील शेरे सारखे नसतात.

अर्जासोबत पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती, छायाचित्र, मुक्कामाच्या पत्त्याचा पुरावा, यजमानाचे ओळखपत्र आणि विलंबाचे कारण सांगणारे पत्र जोडावे लागते. २४ तासांत भरावयाच्या नमुन्याची पोचपावती त्या वेळी घेऊन ठेवली असेल, तर पाहुणा उघडपणे राहत होता हे दाखवण्यास यजमानाला तिचा उपयोग होतो.